पडद्यावरचा पंतोजी

भाषा शिकणे आणि शिकविणे हा बडोद्याचा जुना उद्योग आहे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा दत्तक येऊन येथील गादीवर बसला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. एलियट साहेबांच्या देखरेखीखाली त्याला मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषांशी एकदम झुंज द्यावी लागली. पुढे सयाजीराव महाराज म्हणून विख्यात झालेल्या ह्या पुरुषाने १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९३१ साली राज्यकारभाराच्या परिभाषेचा आठ भाषांतील 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' सिद्ध करविला तोही त्यानेच. त्याच बडोद्यात १८९८ साली अरविंद घोष ह्यांच्या घरी दीनेंद्रकुमार राय हे बंगाली लेखक राहावयास आले. अरविंदबाबू बंगाली वाचू शकत होते. परंतु सातव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत विलायतेत वाढल्यामुळे मातृभाषा बोलण्याची सवय त्यांना नव्हती. पुस्तके त्यांच्यापाशी मुबलक होती. नव्हता तो फक्त जोडीला बसून बोलणारा माणूस, आणि तो त्यांनी बंगालहून आणविला.

हे जुने दाखले काढण्याचे कारण असे की, हल्ली त्याच कामासाठी माणूस न आणविता खिशातला मोबाइल काढावा, असा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या आणि मुले पडद्यापुढे बसली. ती पुन्हा वर्गांत परतली, तरी भाषा-शिक्षणाचा बराच भाग पडद्यावरच राहून गेला. मराठीसाठी आणि, थोड्या प्रमाणात का होईना, कोकणीसाठीही आता नाना साधने उपलब्ध आहेत. त्यांचे कौतुक पुष्कळ झाले. परीक्षण मात्र फारसे झालेले आमच्या पाहण्यात नाही. एखाद्या नाटकाची किंवा कादंबरीची आपण जशी बारकाईने तपासणी करतो, तशी ह्या साधनांची व्हावयास हवी. कारण नाटक वाईट निघाले तर एक संध्याकाळ वाया जाते. येथे मात्र पोराच्या तोंडची भाषा पणास लागलेली आहे.

सरकारी साधनापासूनच आरंभ करू. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२१ साली 'भाषा संगम' नावाचे ॲप प्रसिद्ध केले. घटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांमध्ये नित्याच्या व्यवहाराची शंभराहून अधिक वाक्ये, त्या त्या लिपीत व रोमन लिपीतही, त्यात दिलेली आहेत. मराठी त्यात आहे आणि १९९२ साली अनुसूचीत आलेली कोकणीही आहे. हेतू उत्तम आहे. शेजाऱ्याच्या भाषेतली दहा वाक्ये आली तरी मनुष्य त्याच्या दाराशी उपरा राहत नाही, हे गुजरातेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आम्हां मराठी मंडळींना कोणी शिकवावयास नको. पण वाक्ये पाठ करून भाषा शिकण्याची ही रीत मुळीच नवी नव्हे. विल्यम केरी ह्याने १८०५ साली बंगालमध्ये बसून मराठीचे व्याकरण छापले, त्यालाही त्याने नित्य व्यवहारातील संवाद जोडले होते. केरी महाराष्ट्रात राहिलेला नव्हता. फोर्ट विल्यम कॉलेजातील वैजनाथ पंडितांच्या मुखाने त्याने मराठी ऐकली. दूर बसून, दुसऱ्याच्या मुखाने, ठराविक वाक्यांच्या आधारे भाषा शिकणे हा प्रकार दोनशे वर्षांहून जुना आहे. फरक एवढाच की केरीने घेतले ते संवाद होते. संवादात एक बोलतो आणि दुसरा उत्तर देतो. सुट्या वाक्याला उत्तर देणारा कोणी नसतो.

एकाच साच्यातून अनेक भाषा काढल्या की काय होते, ह्याचे एक उदाहरण आम्ही जरा विस्ताराने देतो, कारण बहुतेक जागतिक ॲपांच्या रचनेचे मर्म त्यात आहे. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' ह्या दोहोंना शब्द एकच. ह्या लेखात आम्ही स्वतःस जेव्हा 'आम्ही' म्हणवितो, तेव्हा वाचक त्यात येत नाही. 'आपण' म्हटले की तो येतो. 'आम्ही देवळात जातो' असे म्हटल्यास ऐकणाऱ्याने घरी थांबावे, आणि 'आपण देवळात जाऊ' म्हटल्यास चपला घालाव्यात. इंग्रजीवरून मराठी शिकविणारा साचा हा भेद एक तर गाळतो, नाही तर टीपेत ढकलतो. आता गंमत अशी की बडोद्याच्या मुलाला हा भेद शिकविण्याची गरजच नाही. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असा हाच भेद जसाच्या तसा आहे, आणि तो मुलगा गल्लीत खेळताना रोज पाळतो. पण तो मराठी शिकावयास पडद्यापुढे बसला की त्याला आधी इंग्रजीत नेले जाते, तेथे त्याच्याजवळचा भेद पुसला जातो, आणि मग नवा म्हणून परत दिला जातो. शेजारच्या वाड्यात जावयाचे असताना स्टेशनवरून फिरवून नेण्यासारखे हे झाले.

लिंगांचेही तसेच. मराठीत तीन लिंगे आहेत, कोकणीत तीन आहेत, गुजरातीतही तीनच आहेत; हिंदीत दोन. 'छोकरो, छोकरी, छोकरुं' म्हणणाऱ्या मुलाला 'मुलगा, मुलगी, मूल' किंवा 'चलो, चली, भुरगें' ह्यांत परके असे काय आहे? कोकणी तर येथे गुजरातीला मराठीपेक्षाही जवळ जाते: मराठीचा 'घोडा' कोकणीत 'घोडो' होतो आणि गुजरातीतही 'घोडो'च असतो. 'ळ' हे अक्षर गुजराती मुलाच्या जिभेवर आधीच आहे. आजच्या साधनांत हे शेजारपण कोठेच जमेस धरलेले नाही. अभ्यासक्रम आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे इंग्रजी जाणणारा, कोठेही राहणारा, कोणाचाही नसलेला एक शिष्य असतो. असा शिष्य रावपुऱ्यात आम्हांस अद्याप भेटलेला नाही.

जेथे मुलाला खरोखर साह्य हवे असते, तेथे हीच साधने मुकी होतात. मराठीत 'च' आणि 'ज' ह्यांचे उच्चार दोन, पण अक्षर एकच. 'चार' ह्या आकड्यातला 'च' निराळा आणि गुराच्या 'चाऱ्या'तला निराळा. 'जरा थांब' ह्यातली 'जरा' आणि म्हातारपणाची 'जरा' लिहिण्यात अगदी सारख्या, बोलण्यात मात्र दोन. कोकणीत 'ए' आणि 'ओ' हे स्वर विवृत आणि संवृत असे दोन प्रकारे उच्चारले जातात. देवनागरी लिपी तो भेद दाखवीत नाही. हे कानानेच शिकावे लागते, आणि कानाला चूक सांगणारा माणूस समोर असावा लागतो. वेदपाठशाळेत गुरू एकदा म्हणे आणि शिष्य दोनदा. ह्याला 'संथा' म्हणत. संथेचा अर्थ केवळ पुनरावृत्ती एवढाच नव्हे. गुरूचा कान शिष्याच्या तोंडाशी असणे, हे तिचे अर्धे अंग आहे. ध्वनिमुद्रण हवे तितक्या वेळा म्हणून दाखवील, पण शिष्याने काय म्हटले ते ऐकून भुवई उंचावणार नाही. बोलणे तपासणारी यंत्रे आता निघाली आहेत, ती सुधारत आहेत, हेही खरे; पण त्यांच्या पसंतीस उतरलेला 'चमचा' आजीच्या पसंतीस उतरेलच, अशी हमी देण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

लिपीचा प्रश्न ह्याहून बिकट आहे. घटनेच्या एकोणतिसाव्या अनुच्छेदाने नागरिकांच्या प्रत्येक गटाला आपली वेगळी भाषा, लिपी अथवा संस्कृती जतन करण्याचा हक्क दिला आहे. घटनाकारांनी 'लिपी' हा शब्द भाषेहून निराळा उच्चारला, ह्याचे महत्त्व आम्हां वकिलांनाही पुष्कळदा जाणवत नाही. आज परदेशी वाढणारी आणि बडोद्यात इंग्रजी शाळेत जाणारी पुष्कळ मुले मराठीत निरोप धाडतात ते रोमन अक्षरांत. मोबाइलवर देवनागरी लिहिण्याची सोय आहे; १९८६ सालापासून 'इनस्क्रिप्ट' हा भारतीय लिप्यांसाठी आखलेला कळपट आहे आणि तो शास्त्रशुद्धही आहे. तथापि चलनात आहे ती दुसरीच रीत. रोमन अक्षरे दाबावीत आणि यंत्राने अंदाजाने देवनागरी शब्द सुचवावा! ह्या रीतीने लिहिणाऱ्या मुलाला 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', 'ट' आणि 'त' ह्यांतले काय हवे ते ठरवावे लागत नाही; यंत्र ठरविते आणि मूल मान डोलाविते. निरोप बिनचूक जातो, पण शुद्धलेखन यंत्राला आलेले असते.

यंत्राला तरी ते कितपत येते? मराठीचा संसार हिंदीच्या शेजारी मांडला गेल्यामुळे तिच्या खास गरजा मागाहून भागल्या. देवनागरीला युनिकोडमध्ये स्थान १९९१ सालीच मिळाले. परंतु 'ॲ' ह्या अक्षराला स्वतंत्र जागा मिळावयास २००८ साल उजाडले. तोवर 'ॲप' हा शब्ददेखील उसनवारीच्या जोडाजोडीनेच लिहावा लागे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठीची प्रमाण वर्णमाला जाहीर करून 'ल' आणि 'श' ह्यांची मराठी वळणे ठरवून दिली. तरी आजही अनेक ॲपांतून मुलांपुढे येतात ती हिंदी वळणाचीच अक्षरे. रफाराची गोष्ट तर आमच्या वाचकांना विशेष रुचेल. देवळाच्या प्रसादासाठी दक्षिणा द्यावयाची ती 'आचार्यांना' की 'आचाऱ्यांना', हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. पहिल्या शब्दात व्याख्यान देणारे आहेत, दुसऱ्यात स्वयंपाक करणारे. ह्या दोन शब्दांत भेद करणारे ते अर्धे 'र' कसे उमटवावे, हे कळपटावर शोधून काढताना आमच्या ओळखीच्या एका मुद्रितशोधकांची संध्याकाळ गेली.

कोकणीची अवस्था आणखी नाजूक. तिला लिप्याच अनेक. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला मान दिला. पण मंगळूर-उडुपीकडील घरे ती कानडी लिपीत लिहीत आली आहेत आणि ख्रिस्ती समाज रोमन लिपीत. गूगलच्या भाषांतर-यंत्रात २०२२ साली कोकणीचा समावेश झाला, तो आनंदाचा दिवस होता. परंतु ती कोकणी गोव्याची. 'म्हाका' म्हणणारीला ती आपली वाटते, 'माका' म्हणणारी थबकते. शिवाय मराठी लेखनाने १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार टाकले. कोकणीने आपले अनुस्वार ठेवले, कारण तिथे ते उच्चारले जातात. दोन्ही भाषा एकाच घरात वाचणाऱ्या मुलाला हे समजावून सांगणारे साधन आम्हांस आढळलेले नाही. ज्या पत्राची पाने दोन्ही भाषांत निघतात, त्याच्या वाचकांनी ह्याची खंत बाळगावी हे स्वाभाविक आहे.

इतके दोष दाखविल्यावर, जे चांगले आहे ते हात आखडता न घेता सांगितले पाहिजे. आमच्या मते पडद्यावरच्या भाषा-साधनांतील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे कोश. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे कोश सर्वांना विनामूल्य खुले केले आहेत. त्यांत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १९३२ ते १९३८ ह्या काळात निघालेला दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, जुन्या मराठीचा तुळपुळे-फेल्डहाउस ह्यांचा कोशही आहे. ज्या ग्रंथांसाठी पूर्वी मध्यवर्ती ग्रंथालयाची पायरी चढावी लागे, ते आता रावपुऱ्यातील विद्यार्थ्याला आणि लंडनमधील मराठी गृहिणीला एकाच क्षणी उघडता येतात. त्याच संग्रहात मॅक्सीन बर्नसन ह्यांचा छोटा मराठी-इंग्रजी कोशही आहे. ह्या अमेरिकन विदुषी फलटणला येऊन राहिल्या, तेथील बोलीचा अभ्यास केला, जाई निंबकर ह्यांच्या जोडीने परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके रचली आणि पुढे तेथेच शाळा चालविली. ज्याने स्वतः परक्या गावी राहून भाषा घेतली, त्याने केलेले साधन हाताळताना लगेच ओळखू येते. शिकणारा कोठे अडखळतो हे त्याला पुस्तकातून कळलेले नसते. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने विभा सुराणा ह्यांच्या पुढाकाराने आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्याने उभा केलेला 'माय मराठी' हा अभ्यासक्रमही ह्याच कारणास्तव आम्हांस आदरणीय वाटतो. परकीय भाषा शिकविण्याचे शास्त्र ज्यांच्या हाडीमाशी मुरलेले आहे अशा मंडळींनी ते आपल्या भाषेला लावून दाखविले. मराठी मातृभाषा म्हणून शिकविण्याची आपल्याला शंभर वर्षांची सवय. ती परभाषा म्हणून शिकविण्याचे कसब ह्यापुढे लागणार आहे, आणि काही घरांत तर स्वतःच्याच नातवंडांसाठी लागणार आहे.

पाठांतराच्या साधनांबद्दलही एक शब्द. शब्द विसरावयाच्या बेतात आला की तो पुन्हा समोर आणावा, ह्या तत्त्वावर 'अंकी'सारखी साधने चालतात. ही आवृत्तीचीच विद्या आहे आणि ती फळ देते. मात्र मोठ्या ॲपांनी तिला रोजच्या हजेरीच्या साखळीची जोड दिली आहे. एक दिवस चुकला की साखळी तुटली. ती तुटू नये म्हणून रात्री साडेअकराला मनुष्य उठतो आणि चार शब्द टिचकावून झोपतो. आपल्याकडे ह्याला नेम म्हणतात आणि नेमाचे सामर्थ्य आम्ही जाणतो. परंतु माळ ओढताना मन बाजारात असले तर काय होते, हेही आपल्या संतांनी पुरेसे सांगून ठेवले आहे. हिंदीला २०१८ साली डुओलिंगोवर जागा मिळाली तेव्हा मराठीला का नाही म्हणून पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. आमची हळहळ थोडी कमी आहे.

ह्या साधनांच्या आयुष्याकडेही पाहिले पाहिजे. ॲप उघडताना 'मला मान्य आहे' असे लिहिलेल्या चौकोनावर आपण बोट ठेवतो. काय मान्य केले, हे शंभरांत एखादाच वाचतो. वकीलही वाचत नाहीत. सेवा विनामूल्य असेल तर तक्रारीला जागा किती उरते? भारतीय करार कायदा, १८७२, ह्याच्या पंचविसाव्या कलमाप्रमाणे मोबदल्यावाचून झालेला करार सामान्यतः निरर्थक असतो. उद्या साधन बंद पडले तर दाद मागावी कोणाकडे? हे भय काल्पनिक नाही. अक्षरे गिरविण्याचे हलते धडे एके काळी मोठ्या हौसेने 'फ्लॅश' ह्या तंत्रात केले जात. ते तंत्र २०२० च्या अखेरीस बंद झाले आणि त्याबरोबर ते धडेही मिटले. बडोदे राज्याच्या ग्रंथालय-खात्याने जादूचे दिवे आणि चलच्चित्रे गावोगाव नेली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या पाठविल्या; त्यांतले दिवे केव्हाच विझले, पुस्तके मात्र काही ठिकाणी अजून वाचता येतात.

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. गेल्या वर्षी रावपुऱ्यातील एका गल्लीत, तांबेकर वाड्यापासून फार दूर नसलेल्या घरी, एक निवृत्त शिक्षिका चालवीत असलेला मराठीचा वर्ग आम्ही तीन रविवार पाहिला. संध्याकाळचे सहा वाजत, तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेआठ झालेले असत. पडद्यावर पाच मुले. बाईंनी मोबाइल दोन डब्यांवर आडवा ठेवलेला, खाली कागद, आणि त्या कागदावर त्या बोरूच्या वळणाने 'क्ष' काढीत. हात कोठून उचलला आणि कोठे टेकला, हे त्या मुलांना आपल्या लहानपणी फळ्यावर दिसे त्याहून स्पष्ट दिसत होते. ते पाहून आमचे पुष्कळसे पूर्वग्रह गळाले, हे सांगितले पाहिजे. बाई मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, मोबाइल बरोबर, आणि पोळपाट, लाटणे, उलथणे, झारा एकेक करून पडद्यापुढे धरले. एका मुलाने झाऱ्याला 'भोकांचा चमचा' म्हटले, तेव्हा बाईंनी त्याला चूक म्हटले नाही. "बरोबर ओळखलंस रे बाळा, त्या भोकांच्या चमच्याला तुझी आजी झारा म्हणते. आज तिला फोन करून विचार, झाऱ्यानं काय काय तळते." आजी ठाण्याला होती. धडा पडद्यावरून निघून तिच्या घरी गेला. साधन चांगले आहे की वाईट हे ठरविण्याची कसोटी आम्हांस त्या क्षणी सापडली: ते मुलाला कोणा माणसाकडे पोहोचविते, की स्वतःपाशीच अडकवून ठेवते?

दुसरी गोष्ट मात्र जमली नाही, आणि ती कोणाच्याही कौशल्याने जमणारी नव्हती. बाईंनी पाढे सर्वांकडून एका सुरात म्हणवून घेण्याचा प्रयत्न केला. एकाचा आवाज आधी, दुसऱ्याचा मागाहून; शिवाय एका वेळी एकाचाच आवाज पुढे धाडावा आणि बाकीचा गोंगाट समजून दाबावा, अशी त्या यंत्राची घडण. 'बे एके बे' पाच तुकड्यांत फुटले. टाळेबंदीत ज्यांनी घरोघरच्या पडद्यांवरून एकत्र आरती म्हणण्याचा प्रयोग केला, त्यांना हा अनुभव आठवत असेल. सभामंडपात पन्नास माणसांच्या आवाजात आपला आवाज मिसळताना लहान मूल न येणारा शब्दही रेटून म्हणते, आणि चौथ्या दिवशी तो त्याला येतो. भाषा शिकण्याची ही सर्वांत निर्भय रीत. पडद्यावर प्रत्येक मूल एकटे पकडले जाते. लाजाळू मुले तेथे आवाज बंद करून बसतात. त्या वर्गातील एक मुलगी तिन्ही रविवारी तशीच बसलेली आम्ही पाहिली.

वर्ग संपल्यावर आम्ही बाईंना विचारले, "बाई, ह्या गल्लीतली किती मुले येतात तुमच्याकडे?"

"एकही नाही, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "इथल्या आयांना वाटतं, मराठी घरात येतेच. वाचायला येत नाही हे त्यांना लग्नपत्रिका छापायच्या वेळी कळतं."

हा घाव आमच्या वर्मी लागला. महाराष्ट्राबाहेर राहूनही ज्या शहराने १९०९, १९२१, १९३४ आणि २०१८ साली मराठी साहित्य संमेलने भरविली, तेथील मराठी मूल आज काय वाचते? शाळा बहुधा इंग्रजी माध्यमाची. २०२३ च्या कायद्याने गुजरातेत पहिली ते आठवी गुजराती हा विषय सक्तीचा झाला. त्याबद्दल आमची तक्रार नाही, ज्या भूमीचे पाणी प्यावे तिची भाषा यावीच. त्याशिवाय हिंदी. मराठीला तासिका उरत नाही. येथील मराठी माध्यमाच्या शाळा विरळ होत गेल्या, कारण पालकांनीच त्या सोडल्या. घटनेच्या ३५०-अ ह्या अनुच्छेदाने, १९५६ साली, भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक अवस्थेत मातृभाषेतून शिकण्याच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा, असे सांगितले. 'प्रयत्न करावा' हे शब्द न्यायालयात किती वजनाचे भरतात, ते आम्ही जाणतो. आणि माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा, राज्याचा नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली कर्नाटकाच्या खटल्यात दिलाच आहे. तेव्हा दाद मागावयाची तर ती प्रथम घरातच.

आमचे भय असे की पडद्यावरचे साधन ह्या सर्वांना एक सोयीची पळवाट देईल. नगरपालिका म्हणेल, ॲप आहे ना? पालक म्हणतील, ॲप आहे ना? देवळाच्या विश्वस्त मंडळींनाही, शनिवारी तास-दोन तास सभामंडपात मुले बसवून त्यांच्याकडून दोन पाने वाचून घेण्याऐवजी, ॲपची चित्रचौकट भिंतीवर चिकटविणे सोपे वाटेल. जे पूरक म्हणून आले, ते पर्याय म्हणून मान्य होईल आणि मूळ गोष्ट कोणी बंद केली हे कोणालाच सांगता येणार नाही. उत्तर अमेरिकेतल्या मराठी शाळांची गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली तेथे गावोगाव मराठी शाळा चालतात, आणि त्या पालक स्वतः, सुटीच्या दिवशी, कोणाच्या तरी सभागृहात चालवितात. साधने त्यांच्याकडे आपल्यापेक्षा अधिक आहेत. तरी त्यांनी माणसे बसविणे सोडलेले नाही. समुद्रापलीकडे जे निकडीचे वाटते, ते रावपुऱ्यात अनावश्यक वाटावे, ह्याचा उलगडा आम्हांस होत नाही.

बाईंनी निघताना आम्हांस एक वही दाखविली. दोनशे पानी, पुठ्ठ्याच्या बांधणीची. बडोद्याच्या मुलांना मराठी शिकवावी लागेल तेव्हा उपयोगी पडावी म्हणून त्यांनी ती शाळेत असताना लिहावयास घेतली होती. प्रत्येक पानावर तीन रकाने: गुजराती, मराठी, आणि त्यांच्या आजोळची कोकणी. 'घोडो, घोडा, घोडो.' 'मारो, माझा, म्हजो.' पुढे फसव्या शब्दांचे एक मोठे प्रकरण. गुजरातीत 'ओरडो' म्हणजे खोली, मराठीत 'ओरडा' म्हणजे आरडाओरड. गुजरातीत 'नवरो' म्हणजे रिकामा बसलेला माणूस. मराठीतला 'नवरा' तसा असतोच असे नाही, अशी टीप बाईंनी पेन्सिलीने समासात लिहिली होती. शब्द सोपे, क्रम विचारपूर्वक लावलेला, आणि पानोपानी ह्या गावच्या मुलाची जीभ ओळखून केलेली रचना. आम्ही वर ज्या साधनांची परीक्षा केली, त्यांपैकी एकातही हे नाही. ती वही छापावी कोणी, असे विचारता बाई हसल्या. एका प्रकाशकाने ती दोन वर्षे ठेवून घेऊन परत केली, कारण बडोद्याबाहेर तिला गिऱ्हाईक नाही. अमेरिकेतल्या मुलांना तिचा उपयोग नाही, कारण त्यांना गुजराती येत नाही. वहीची शेवटची चाळीस पाने कोरी आहेत.